न्यू ऑर्लिन्सहून एका दिवसात स्वॉम्प आणि प्लँटेशन: कसं जमवायचं

न्यू ऑर्लिन्सला जाताय आणि शहराबाहेर जायला एकच दिवस आहे, तर स्वॉम्प (झाडांनी भरलेली दलदल) आणि प्लँटेशन (गुलामांना राबवून चालवलेला जुना मोठा मळा) दोन्ही होतं, फक्त कॉम्बो टूर बुक करायच्या आधी त्यात कुठलं प्लँटेशन आहे ते नीट वाचा. या टूरवाल्यांची व्हॅन फ्रेंच क्वार्टर म्हणजे शहराचा जुना भाग, तिथल्या किंवा आसपासच्या हॉटेलवरून उचलते, अर्धा दिवस हे अर्धा दिवस ते, आणि प्लँटेशन साधारण एकच मिळतं. जाहिरातीत बहुतेक वेळा फोटो ओक ॲली या प्लँटेशनचा असतो, दोन रांगांत 28 ओकची झाडं आणि मागे खांबांचा मोठा वाडा, लोक तेवढं बघूनच पैसे भरतात. आम्ही व्हिटनी प्लँटेशन घेतलं. मला विचाराल तर तेच घ्या.

कारण सांगते. बाकीच्या ठिकाणी सुरुवात मालकाच्या घरापासून होते, व्हिटनीत गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपासून. ते 2014 मध्ये लोकांसाठी उघडलं. आत एक जुनं चर्च आहे, गुलामी संपल्यावर सुटलेल्या लोकांनी बांधलेलं, मिसिसिपी नदीपलीकडून इथे हलवलंय, आणि त्यात लहान मुलांचे पुतळे उभे आहेत. जी माणसं लहानपणी गुलाम होती आणि म्हातारपणी, 1930 च्या दशकात, ज्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या त्यांची ती लहानपणची रूपं. आई तिथे बराच वेळ बाकावर बसून राहिली. लहान मुलं बरोबर असतील तर गुलामांच्या 1811 च्या बंडाचं स्मारक आहे तिकडे आधी एकट्याने जाऊन बघा, पकडलेल्यांची डोकी कापून खांबांवर लावली होती आणि स्मारकात तेच दाखवलंय.

बाबांना मात्र बाहेर ठेवलेल्या लोखंडी कढयांनी धरून ठेवलं. आमचं सांगलीकडचं घर, ऊस काही नवा नाही, आणि या कढया म्हणजे थेट गुऱ्हाळातली काहील. रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतत न्यायचा, खाली जाळ, गाळप हंगामात हे काम दिवसरात्र चालायचं, कामाचा छळ आणि भाजणं दोन्ही गुलामांच्या वाट्याला. आता यातली गंमत बघा, हे ओतणं बंद करणारं यंत्र न्यू ऑर्लिन्समध्येच जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिओने काढलं, आई कृष्णवर्णीय, वडील गोरे, 1843 चं पेटंट. एका भांड्याच्या वाफेवर पुढचं भांडं उकळायचं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत रस आटवणारे इव्हॅपोरेटर आजही याच तत्त्वावर चालतात, बाबांना हे तिथे कळलं आणि मग परतीच्या रस्त्यावर दुसरा विषय नाही. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणी चालू होती, सगळी मशीनने.

ओक ॲली वाईट नाही हं. तिथे गेलात तर अंत्वान नावाच्या गुलाम माळ्याबद्दल विचारा, त्याने पिकॅनची (अक्रोडासारखा सुका मेवा) कलमं यशस्वी करून दाखवली, 1840 च्या दशकात, आणि त्या जातीला पुढे 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. स्वतःची गाडी असेल तर लॉरा (हेही प्लँटेशनच), ओक ॲली आणि व्हिटनी नदीच्या एकाच काठावर जवळजवळ आहेत, दोन आरामात होतात, शहरापासून तासभर. जुन्या माहितीत नॉटोवे प्लँटेशनचं नाव सापडेल, तो वाडा मे 2025 मध्ये जळाला. आणि या रस्त्याचं नाव रिव्हर रोड म्हणून नदी दिसेल असं समजू नका, मधे मातीचा उंच बांध आहे, वर चढलात तरच मिसिसिपी दिसते, शेजारी केमिकल कारखान्यांसकट.

स्वॉम्पसाठी बोट दोन प्रकारची. एअरबोट म्हणजे मागे भलामोठा पंखा, प्रचंड आवाज, कानाला हेडफोन, वेग. पोरांना आवडते. आईबाबांबरोबर असाल तर छप्परवाली सपाट बोट घ्या, सावली मिळते, गाईडचं बोलणं ऐकू येतं आणि मधेच थांबून बघताही येतं. सायप्रसची झाडं पाण्यात उभी, त्यांच्या मुळांचे सुळके वर आलेले, फांद्यांवरून स्पॅनिश मॉस लोंबतंय, जे खरं तर शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातलं आहे. ॲलिगेटर, म्हणजे मगरीच्याच जातीतले, बोटीजवळ येतात कारण गाईड त्यांना मार्शमेलो टाकतात, मला ते काही पटलं नाही पण फोटो त्यामुळेच मिळाले. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी असेल तर ते सुस्त पडून असतात, दिसतीलच असं नाही. हनी आयलंड स्वॉम्प प्रसिद्ध आहे पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्लाइडेलकडे, प्लँटेशनबरोबर एकाच दिवशी घेतलात तर दिवस गाडीतच जातो. प्लँटेशनच्याच बाजूच्या मरेरो, लुलिंग भागातून सुटणारी बोट घ्या. बोटीचे पैसे घालवायचे नसतील तर मरेरोला बाराटारिया प्रिझर्व्ह आहे, नॅशनल पार्कचाच भाग, एंट्री फुकट, लाकडी पुलावरून चालत जायचं, फक्त कुठले ट्रेल उघडे आहेत ते आधी बघा.

व्हिटनी मंगळवारी बंद असतं. चालणं उघड्यावर आहे, छत्री किंवा टोपी आणि डास मारायचं मलम हवंच. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, कॅन्सल झालं तर पैसे परत मिळतात का ते बुक करतानाच विचारून घ्या. व्हेज लोकांनी जेवण बरोबर न्या, रेड बीन्स अँड राइस नाव ऐकून राजमा-चावल समजून मागवाल, त्यात बहुतेक वेळा सॉसेज असतं. गाईडला टिप द्यायला सुटे डॉलर ठेवा.