काठ की किनारा

आई वाईची. कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झालेली. नदी दिसली की तिचा हात आपोआप पर्सकडे जातो. माँट्रियलला आल्यावर विमानतळावरून घरी येताना पहिलाच मोठा पूल लागला, तेव्हा तिने काच खाली करायला लावली आणि धावत्या गाडीतून पंचवीस सेंटचं नाणं भिरकावलं. ते कठड्यावर टण्णकन आपटलं. नदीला मिळालं की नाही, देव जाणे.

"पंधरा रुपये," नवरा म्हणाला.

त्याच्याकडे एक लांबट वही आहे. खर्चाची. मध्यमवर्गीय माणूस कॅनडात गेला तरी ती वही त्याच्या मागोमाग जातेच. आईला कुठे फिरवायचं याचा निर्णयही त्या वहीनेच दिला. पश्चिम कॅनडातल्या डोंगरांमधल्या बॅन्फची विमानाची तिकिटं पाहून वही मिटली गेली आणि ठरलं, की शहराजवळून वाहणारी सेंट लॉरेन्स धरायची आणि रस्ता संपेपर्यंत जायचं. रस्ता क्रमांक 138. शहरात ज्याला आम्ही शेरब्रूक स्ट्रीट म्हणतो, तोच पुढे उत्तरेच्या काठाने तेराशेच्या वर किलोमीटर जातो आणि केगास्का नावाच्या गावात संपतो. जुनी गाडी, उसना तंबू, एक शेगडी, आणि आईने दोन दिवस खपून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग.

"नाव काय म्हणालीस नदीचं?"

"सेंट लॉरेन्स. संताचं नाव आहे. 10 ऑगस्ट 1535ला जाक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी इथल्या एका उपसागरात शिरला. तो दिवस त्या संताचा. नाव उपसागराला दिलं, ते पुढे पसरत नदीला चिकटलं."

"म्हणजे पुरुष. मग नदी कशी? नद म्हण."

फ्रेंच लोकही साधारण हेच करतात. साध्या नदीला रिव्हिएर म्हणतात, ती स्त्रीलिंगी. समुद्राला जाऊन मिळते तिला फ्लव्ह, आणि तो पुल्लिंगी. आईला फ्रेंचचं अक्षर येत नाही, पण व्याकरण जुळलं.

खरी पंचाईत पुढे झाली. या प्रदेशाचं नाव कोत-नॉर. मराठीत सांगायचं तर उत्तर काठ. की उत्तर किनारा? आपल्याकडे नदीला काठ असतो, समुद्राला किनारा. इथे क्वेबेक शहर ओलांडलं, की पलीकडची बाजू हळूहळू धूसर होत जाते. तादुसाकपाशी पात्र पंचवीसेक किलोमीटर रुंद. सेत-ईलपाशी शंभराच्या वर. मग काठ कुठे संपला आणि किनारा कुठे सुरू झाला?

आईने यावर स्वतःची पद्धत काढली. प्रत्येक मुक्कामाला खाली उतरायचं, बोट बुडवायचं आणि चाखायचं. माँट्रियलचं पाणी गोडं. ला माल्बेला ती म्हणाली, "वरणात मीठ विसरल्यासारखं लागतंय. म्हणजे घातलंय, पण हात आखडून." तादुसाकला चेहरा वाकडा करून, "आता बरोबर."

तादुसाकच्या अलीकडे रस्ता चक्क पाण्यात जातो. सागने नदीवर पूल नाही, फेरी आहे. दहा मिनिटांची, दिवसरात्र चालणारी, आणि फुकट. ती 138चाच भाग धरतात. हे कळल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला, तो लग्नातही पाहिला नव्हता. फेरीच्या मध्यावर आईने नाणं टाकलं. तोही काही बोलला नाही.

पलीकडे उतरून गावाच्या टोकाला खडकांवर जाऊन बसलो. बोटीतून देवमासे दाखवण्याचे दर वहीला झेपणारे नव्हते. दशमीचा दुसरा घास तोंडात होता तेवढ्यात मागे कोणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला. फूऽऽस. वळून पाहिलं तर काळी पाठ वर आली, तिच्यावरचा छोटासा वाकडा पर खाली गेला, आणि पाणी पुन्हा सपाट. मिंकी जातीचा देवमासा, काठापासून तीस-चाळीस हातांवर. थोड्या वेळाने दूर पांढरे ठिपके दिसू लागले. लाटांचा फेस वाटावा असे, पण फेस विरतो, हे विरत नव्हते. ते बेलुगा. बाकीचे देवमासे उन्हाळ्याचे पाहुणे, बेलुगा बारमाही इथलेच. समुद्रतळावर एक खोल दरी आहे, तीनशे मीटरहून खोल. ती थेट अटलांटिकपासून येते आणि इथेच एकाएकी संपते. दरीतलं थंड पाणी वर उसळतं, त्यात क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारके जीव असतात, आणि त्यांच्यासाठी एवढी मोठी जनावरं नदीच्या तोंडात शिरतात.

"नदीत देवमासा," आई म्हणाली. "वाईत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही."

बे-कोमोपर्यंतचा रस्ता चढउतारांचा. स्प्रूसची झाडं, पाणी, स्प्रूसची झाडं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. एका टपरीवर पुतीन मागवलं. तळलेल्या बटाट्यांवर चीजचे गोळे आणि वर गरम ग्रेव्ही. ग्रेव्ही मांसाची, म्हणून आईने नुसते बटाटे मागवले आणि पिशवीतली चटणी काढली. टपरीवाल्या बाई वाकून वास घेऊन गेल्या.

मग प्वँत-दे-माँ. महामार्ग सोडून दहा-बारा किलोमीटर आत. इथलं दीपगृह 1830चं, आणि भूगोलाच्या पुस्तकांच्या मते खाडी इथे संपते आणि आखात सुरू होतं. म्हणजे आमच्या वादाचा निकाल इथेच लागायला हवा होता. आईने बोट बुडवलं, चाखलं, पुन्हा चाखलं. "तादुसाकसारखंच. पुस्तकातल्या रेघेला चव नसते गं." तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? "ला मेर," तो म्हणाला. समुद्र. मी विचारते काय, असा चेहरा करून.

रात्री तंबूत डासांनी सोलून काढलं. आई शहाणी, गाडीत मागच्या सीटवर काचा बंद करून झोपली.

सेत-ईलनंतर वहीतला पेट्रोलचा रकाना फुगू लागला. पंप दूरदूर, त्यामुळे दिसला की भरायचं. मिंगांच्या बेटांवरचे चुनखडीचे खांब आम्ही काठावरून, डोळे बारीक करून पाहिले. एकुआनिचित या इन्नू लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, गावात एका बाईंनी "कुएई" म्हणून नमस्कार केला आणि शिकुते नावाची केशरी बोरं चाखायला दिली. शब्दही त्यांच्याच भाषेतला. आंबट, बियाळ, मागाहून गोड. आई म्हणाली, यांचा मुरांबा होईल. तो होतोच, आणि महाग असतो. वहीने नाही म्हटलं.

हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी वाढत आलेला. आव्र-सँ-पिएरपर्यंत 1976ला पोचला, नाताश्क्वानला 1996ला, केगास्काला 2013मध्ये. त्यापुढच्या पुष्कळ गावांना अजूनही बोट, आणि हिवाळ्यात बर्फावरून स्नोमोबिल. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा नाताश्क्वानलाही गाडी जात नव्हती.

केगास्काला पोचलो ती नारळी पौर्णिमा. योगायोग नव्हे, आईने निघायची तारीख त्या हिशेबाने ठरवली होती हे मला तिथे कळलं. सेत-ईलच्या सुपरमार्केटात ती एक नारळ कानाशी हलवून बघत का उभी होती, तेही.

"नाणं नको?"

"नाणं नदीला. हा समुद्र."

रस्ता संपल्याची पाटी आहे तिथून खाली उतरून तिने नारळ पाण्याला लावला, डोळे मिटले, आणि खडकावर आपटला. पाणी समुद्राला वाहिलं. वाटीही सोडेल म्हणून मी बघत राहिले. "पूर्ण कशाला? एवढ्या लांब आणलाय, पैसे पडलेत," असं म्हणत तिने चाकूने खोबरं सोडवायला घेतलं. नवऱ्याने तिच्याकडे अशा काही आदराने पाहिलं, की मला हसू आवरेना.

पाटीशी फोटो काढायला दोन मोटरसायकलवाले आले होते. आईने त्यांच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. दोघे उभ्या उभ्या चावत राहिले. मग एकाने विचारलं, इकडे नारळ मिळाला कुठे?

"सेत-ईलला," नवरा म्हणाला, आणि वही उघडून किंमतही सांगितली.