‘गेम भरून मिळतील का?’

पुण्याच्या तापकीर गल्लीत कन्सोल, म्हणजे गेम खेळायची मशीनं, दुरुस्त करायला बसलं की हा प्रश्न रोज कानावर येतो. म्हणजे मशीनचं लॉक तोडून त्यात फुकटच्या कॉपी टाकून देता का. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका मुलाने मला त्याची कारणं द्यायला लावली.

त्याच्या आधी काउंटरवर एक काका होते. जुना, जाडा पीएस-टू (सोनीचा प्लेस्टेशन 2) आणि पिशवीभर ओरिजिनल डिस्क. बहुतेक क्रिकेटच्या, आणि त्यांत ‘हनुमान: बॉय वॉरियर’. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा 2009 चा गेम, पीएस-टूसाठी भारतात बनलेला पहिला. मुलगा नातवाला घेऊन येणार होता, त्याआधी मशीन चालू हवं होतं. डिस्क फिरायची, खरखर व्हायची आणि पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’. लेन्स पुसून पाहिली, उपयोग नाही; लेझर संपला होता. पीएस-टूचं उत्पादनच 2013 च्या सुरुवातीला थांबलं, त्यामुळे चांगला लेझर मिळणं नशिबाचा भाग.

मी काकांना दुसरी वाट सांगितली. पीएस-टू चालू होताना मेमरी कार्डावर सिस्टिमचं अपडेट आहे का ते बघतो. तिथे अपडेटच्या नावाने आपला प्रोग्रॅम ठेवला की तो मुकाट्याने तोच चालवतो, आणि मग कंपनीचं लॉक चुकवून गेम हार्ड डिस्कवरून सुरू होतात. काकांच्याच डिस्कच्या प्रती काढायच्या आणि त्यावर टाकायच्या.

मागे उभा असलेला मुलगा सगळं ऐकत होता. त्याच्याकडे 2017 चा स्विच, निन्टेंडो कंपनीचा हातात धरूनही खेळता येणारा कन्सोल. त्या पहिल्या लॉटच्या प्रोसेसरमध्ये एक चूक राहून गेली आहे, ती कंपनीला अपडेटने बुजवता येत नाही. उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूचा सुटा कंट्रोलर, जिथे बसतो त्या खाचेत दोन पिना जोडल्या की आत शिरायची वाट मिळते. त्याने फोनवर गेमची यादी दाखवली. तिच्यात ‘राजी’ होता.

मी नाही म्हटल्यावर तो तडकला. “दादा, काकांचं लॉक तोडता, मग माझं का नाही? निन्टेंडोने स्विच आपल्याकडे अधिकृत आणलाय कुठे? बाहेरून परस्पर आणलेला माल विकणाऱ्या ग्रे मार्केटमध्ये जास्तीचे पैसे मोजलेत मी.”

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि मी तसं त्याला सांगितलंही. “मशीन तुझं आहे. स्वतः लिहिलेला गेम चालव, लिनक्ससारखी कॉम्प्युटरची सिस्टिम टाक, आत्ता बसून करून देतो.” हे मी मनापासून म्हणतो. पीएस-थ्रीवर लिनक्स चालायचं, ते सोनीने 2010 मध्ये एका अपडेटने बंद केलं. विकलेल्या वस्तूतली सोय मागाहून काढून घेतात, याची मला आजही चीड आहे.

“पण राजी भरून देणार नाही. तो इथे, पुण्यात बनलाय. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या स्टुडिओने बनवलाय, आणि 2020 मध्ये आधी स्विचवरच आला. त्यातल्या भिंती बघ, पहाडी चित्रांच्या धाटणीने रंगवल्यात. स्विचवर घेणं जमत नसेल तर स्टीमवर, कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, रुपयांत मिळतो. काकांचा हनुमान आज कुठल्याच ऑनलाइन दुकानात नाही, आणि त्याचे पैसे त्यांनी तेव्हाच दिलेत.”

“एका कॉपीने त्यांचं काय जातंय?”

एक कॉपी कधीच नसते. पीएस-टूच्या काळात मशीनमध्ये लॉक चुकवणारी चिप मारून शंभर-दीडशेच्या कॉपी डिस्क विकणाऱ्यांनी हेच सांगितलं होतं. ओरिजिनल घेणारा येडा ठरायचा. अशा बाजारात कुठला भारतीय स्टुडिओ तगणार होता?

कायदाही साधारण इथेच रेघ ओढतो. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कॉपीराइट कायद्याचं कलम 65अ कुलूप तोडणाऱ्याचा हेतू बघतं. हक्कभंगासाठी तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला बॅकअप काढायची मुभा कलम 52 देतं.

मुलगा स्विच उचलून गेला. पलीकडच्या गल्लीत अर्ध्या तासात काम होतं, हे त्याला ठाऊक होतं.

हनुमानच्या डिस्कवर खोल ओरखडा होता. पॉलिश करून, ड्राइव्हचा वेग कमी ठेवून ती कशीबशी वाचली गेली. काकांना एवढंच बजावलं, की या डिस्क कधी कुणाला विकल्यात तर हार्ड डिस्कवरच्या प्रतीही पुसून टाका.