वर्कशॉपचा उजेड: ट्यूब उतरल्या, एलईडी चढल्या

रंधा-पटाशीवाल्या मंडळींनो, या वेळी लाकूडकाम कमी आणि वायरिंग जास्त. शेडमधल्या दोन ट्यूबांपैकी एक दोन्ही टोकांना काळी पडली होती, दुसरी स्टार्टर फिरवल्याशिवाय पेटत नव्हती. नवीन 36 वॅटची ट्यूब आणून वेळ मारून नेता आली असती, पण ट्यूब या प्रकाराचंच आयुष्य आता संपत आलंय. युरोपात टी-8 (म्हणजे हीच, इंचभर जाडीची) ट्यूब बाजारात आणणं ऑगस्ट 2023 पासून बंद झालं, आणि पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता करारातल्या देशांनीही त्याच वर्षी 2026-27 पर्यंत सरळ ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरवलं. कारण आतला पारा.

तर शेड 10 बाय 14 फूट. वर पत्रा, लांब भिंतीला बाक, कोपऱ्यात लाकूड फिरवून घडवायचा लेथ. जुन्या पट्ट्या मधल्या पाईपवर होत्या, म्हणजे बाकाशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे आणि स्वतःची सावली नेमकी पटाशीच्या धारेवर. त्याच जागी एलईडी ट्यूब खोचल्या असत्या तर सावली तशीच राहिली असती, फक्त जास्त ठळक. म्हणून जागेपासूनच सुरुवात केली.

आधी हिशोब. खोली साधारण 13 चौरस मीटर. बाकावर 500 लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला 500 ल्युमेन उजेड) हवेत असं धरलं तर 6500 ल्युमेन कामाच्या पातळीपर्यंत पोचायला हवेत. भिंती, धूळ आणि दिवे जुने होणं यात निम्मा उजेड जातो असं धरून चालायचं, म्हणजे दिव्यांतून 13000 ल्युमेन निघाले पाहिजेत. 20 वॅटचा चांगला चार फुटी बॅटन (पट्टीसकट येणारा एलईडी दिवा) 2000 ल्युमेन देतो. सहा घेतले, 12000 झाले, उरलेलं काम पत्र्याला आतून दिलेल्या पांढऱ्या रंगावर सोपवलं.

वीज किती वाचली? काहीच नाही. जुन्या ट्यूब 36 वॅटच्या, वर प्रत्येकीचा तांब्याचा चोक (ट्यूबचा करंट आवरणारी गुंडाळी) दहा-बारा वॅट खायचा, म्हणजे दोन मिळून 95 च्या आसपास. आता 120. बिलासाठी एलईडी लावतोय असं घरी सांगू नका, पुढच्या महिन्यात पकडले जाल! मोबाईलवरच्या लक्स ॲपचा आकडा खरा मानायचा नसतो, पण आधी-नंतरची तुलना चालते: बाकावर जिथे 130 दाखवायचं तिथे आता 550 च्या वर जातं.

लेथवाल्यांनी पुढचं नीट वाचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. माझी मोटर 1440 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तितके फेरे. पट्टा एकास एक पुलीवर असला की लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक मोटरइतकाच फिरतो, आणि उजेडाच्या दोन चमकांच्या मधे पाव फेऱ्याला किंचित कमी फिरतो. एक जबडा जवळजवळ आधीच्या जबड्याच्या जागी येतो, आणि सेकंदाला 24 फेरे मारणारा चक डोळ्याला सावकाश उलटा फिरताना दिसतो. ट्यूबची पावडर थोडी मागे चमकत राहते म्हणून चित्र पुसट असतं, पण भास होतो. बरोबर 1500 ला तर तो थांबलेलाच वाटेल. जुन्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत, त्यामागे हेच कारण.

एलईडी आली म्हणजे हा भास गेला असं मात्र नाही. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) हलका असेल तर एलईडीही सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, तीही ट्यूबपेक्षा जास्त धारदारपणे. म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, काउंटरवर एकेक बॅटन लावून घेतला, मोबाईलचा कॅमेरा प्रो मोडवर टाकून शटर 1/2000 केलं आणि जवळून दिव्यावर धरला. दुकानदार म्हणाला, "काका, फोटो कशाला काढताय?" स्क्रीन त्याच्यासमोर केली: काळे आडवे पट्टे सरकत होते, म्हणजे दिवा लुकलुकत होता. दुसरा बॅटन, कमी पट्टे. तिसऱ्या खोक्यातल्याला पट्टेच नाहीत. तोच घेतला, साधारण तीस रुपये महाग पडला. मग दुकानदारानेही स्वतःचा फोन काढून वरचे सगळे दिवे तपासले.

रंगाचं म्हणाल तर मागितलं नाही तर 6500 केल्विनच, म्हणजे निळसर पांढराच, हातात पडतो. त्याखाली सागवान राखाडी दिसतं आणि पॉलिशचा हात किती लाल बसला ते घरी नेल्यावर कळतं. 4000 केल्विन मागा, दुकानात त्याला नॅचरल व्हाईट म्हणतात. पॉलिशच्या कोपऱ्यातला एक बॅटन 90 सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) घेतलाय. त्याच्याखाली शिसमातली जांभळट रेघ उठून दिसते, बाकीच्या 80 वाल्यांखाली ती तपकिरीत मिसळते.

जोडणी अशी. बाकावर तीन बॅटन एका रेषेत, बाकाच्या पुढच्या कडेच्या जरा आत, म्हणजे डोकं आणि भिंत यांच्या मधे. दोन खोलीच्या मध्यावर, एक लेथवर. पत्र्याला चिकटवले नाहीत. मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही, आणि एलईडी मरते ती बहुतेक ड्रायव्हर तापून. म्हणून चौकोनी जीआय पाईप फूटभर खाली टांगून त्यावर बसवले. एक चौरस मिमीची वायर, केसिंग-कॅपिंग, 6 अँपिअरचा एमसीबी. बॅटनची बॉडी पत्र्याची आहे, तेव्हा अर्थिंग सोडू नका.

बाकाच्या ओळीला वेगळं बटण ठेवलंय, कारण सगळीकडून उजेड आला की रंध्याचे ओरखडे लपतात. ते बघायला वरचे दिवे बंद करून एक दिवा फळीच्या पातळीवर आडवा धरायचा. त्यासाठी शिलाई मशीनला लावतात तो मॅग्नेटवाला लवचिक मानेचा एलईडी दिवा उत्तम. ड्रिल मशीनलाही तोच चिकटवलाय.

जुनी पट्टी ठेवून नुसती एलईडी ट्यूब टाकायची असेल तर चोक आणि स्टार्टर बायपास करा, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला की दोन टोकांना, हे ट्यूबवरच्या आकृतीत बघूनच जोडा. पट्टीवर मार्करने "फक्त एलईडी" लिहून ठेवा. एकाच टोकाला जोडलेल्या पट्टीत उद्या कुणी साधी ट्यूब खोचली तर थेट 230 व्होल्ट फिलामेंटला मिळतील.

उतरवलेल्या ट्यूब कचऱ्यात फेकू नका. पाऱ्याचे दिवे 2016 पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत, ते ई-कचरावाल्याकडेच द्यायचे. फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू न मारता पुठ्ठ्याने आणि ओल्या कागदाने गोळा करा. चोक मात्र भंगारवाला हसत नेतो.

आता प्रश्न भुशाचा. रंधा मशीन चाललं की बॅटनवर थर बसतो. आयपी65 चे, म्हणजे धूळ आत न शिरणारे, बंद बॅटन मिळतात, पण बंद खोक्यात पत्र्याखाली ड्रायव्हर टिकतो का? ज्यांनी त्यांच्यावर एखादा विदर्भातला उन्हाळा काढलाय त्यांनी जरूर सांगा, लेथवरचा एक तसा घ्यायचा विचार आहे.