कार्डावर सहा नावं, मशीनवर चार

लॉकडाऊनमध्ये किराणा मिळाला, दूध मिळालं, गिरणीही ठरावीक वेळेत चालू होती. अडलं ते कंट्रोलच्या दुकानात, आणि तेही माल नव्हता म्हणून नाही. आमच्या राशन कार्डावर सहा माणसं, अंगठा लावून धान्य देतात त्या ई-पॉस मशीनवर मात्र चारच. उरलेल्या दोघांचं धान्य कुठं गेलं, हे दुकानदार सांगेना, तहसीलचा पुरवठा विभागही सांगेना. तो राग अजून गेलेला नाही.

२०२० चा हिशेब असा. प्राधान्य कुटुंबाला (अन्नसुरक्षेच्या यादीतलं कार्ड) माणशी महिन्याला ३ किलो गहू २ रुपये किलोनं आणि २ किलो तांदूळ ३ रुपये किलोनं मिळायचा. सहा जणांचा १८ किलो गहू, १२ किलो तांदूळ, ७२ रुपये. एप्रिल ते जून २०२० त्यावर माणशी ५ किलो तांदूळ मोफत, म्हणजे आणखी ३० किलो. दोन युनिट, म्हणजे कार्डावरची दोन माणसं, गळली की नेहमीचं १० आणि मोफतचं १०, असं २० किलो धान्य दर महिन्याला जायचं. ज्या घरातली मजुरी मार्चपासून बंद होती, त्यांना हे परवडणारं नव्हतं.

नाव गळतं ते बहुतेक आधारमुळे. कार्डाच्या पानावर नाव लिहिलेलं असतं, पण संगणकात त्याचा आधार जोडलेला नसतो किंवा एखादा आकडा चुकलेला असतो. लहान लेकरं आणि नवी सून यांच्या नावांचे घोळ जास्त. एरवी मशीनवर अंगठा लावताना हे तिथंच लक्षात येतं. कोरोनात ग्राहकाचा अंगठा बंद झाला आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप सुरू झालं. संसर्ग टाळायला ते बरोबरच होतं. पण मशीनवर किती युनिट दिसतात, हे ग्राहकाला कळायचं बंद झालं.

म्हणून पावती घेतल्याशिवाय जागचं हलू नका. पावतीवर कार्ड नंबर, योजना, धान्य, वजन आणि दर असतो. तेव्हा नेहमीच्या धान्याची पावती वेगळी, मोफत तांदळाची वेगळी असायची, दोन्ही मागाव्या लागायच्या. "कागद संपला" म्हणाले तर राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर कार्डाचा १२ अंकी नंबर टाका. कोणाची नावं जोडलेली आहेत आणि या महिन्यात किती धान्य उचललं, दोन्ही दिसतं. ते पान मोबाईलवर दाखवल्यावरच आमच्याशी नीट बोलणं झालं.

तहसीलला आम्हाला नमुना ८ भरायला सांगितलं. तो नवीन नाव वाढवायचा अर्ज आहे. नाव आधीच कार्डावर असेल तर "आधार जोडून मिळावा" एवढाच साधा अर्ज द्या. सोबत कार्डाच्या पानांची झेरॉक्स, राहिलेल्या माणसांच्या आधारची झेरॉक्स, आणि १२ अंकी नंबर ठळक लिहा. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का व क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज तिथं कोणाला सापडत नाही. "दुकानातून करून घ्या" आणि "तहसीलला जा" ही टोलवाटोलवी शिक्का मिळाल्यावरच थांबली. पुढं वाढीव धान्य सुरू झालं, पण मागच्या महिन्यांचं मिळालं नाही. त्यामुळे युनिटची तपासणी पहिल्याच महिन्यात करा.

तक्रार १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर करता येते. लाइन लागली की तक्रार क्रमांक लिहून घ्या.

शेजाऱ्याला मोफत तांदूळ आणि आपल्याला नाही, यावरून गावात भांडणं झाली. त्यात दरवेळी दुकानदाराची लबाडी नसते. मोफत तांदूळ अंत्योदय (सर्वात गरीब कुटुंबांचं कार्ड) आणि प्राधान्य कार्डांनाच होता. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून २ आणि ३ रुपयांचं धान्य मिळायचं, पण ती योजना वेगळी होती, म्हणून त्यांना मोफतचा तांदूळ नव्हता. बाकीच्या केशरी कार्डांना मे-जूनमध्ये गहू ८ आणि तांदूळ १२ रुपये किलोनं होता. आपलं कार्ड कोणत्या योजनेत आहे ते आधी बघा, मग वाद घाला.

वजनाचं राहिलंच. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून शून्य करायला लावा, मग माप घ्या. बारदान्यासकट तोललं तर अर्धा किलो तिथंच जातो.

एप्रिल ते जून कार्डामागं १ किलो डाळ होती, ती उशिरा आली. जुलै ते नोव्हेंबर २०२० तिच्या जागी हरभरा होता. तोही पावतीवर आहे का, ते बघावं लागायचं.