उतारावर लावलेला ट्रॅक्टर

दोन वर्षं आमचा ट्रॅक्टर घरासमोरच्या उतारावरच उभा असायचा. पुढच्या चाकांना दोन दगडं. सकाळी अण्णा दगडं काढायचे, गिअर टाकून क्लच दाबून बसायचे, गाडी जरा गडगडली की क्लच सोडायचे आणि धड धड करत चालू. सेल्फ (इंजिन फिरवून देणारी मोटर) मारून चालू करायची वस्तू आहे ही, हेच घरात सगळे विसरून गेलेले.

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं हेच आहे बघा, एकदा चालू झाला की त्याला करंट लागतच नाही. पंप, नोझल सगळं मेकॅनिकल, बंद करायचा तरी दांडा ओढायचा. त्यामुळं वायरिंग पार सडलं तरी नांगरट होते, पाळी होते, पेरणी होते, आणि आपण म्हणतो चाललंय ना मग कशाला हात लावा. आमच्याकडं तेच झालं. पण यंदा ऊस आमच्याच ट्रॉलीनं घालायचं ठरलं, म्हणजे रात्रीचा रस्ता आला, आणि रात्री लाईटशिवाय ट्रॉली रस्त्यावर न्यायला मी अण्णांना साफ नको म्हणालो. मोहोळकडच्या रस्त्यानं रात्री मोटरसायकलवर आलाय का कधी? समोरनं गाडीचा लाईट डोळ्यावर आला की पुढं उभी असलेली अंधारातली ट्रॉली अजिबात दिसत नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

मी चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मल्टीमीटर रोज हातात असतो, तरी घरच्या ट्रॅक्टरला कधी लावला नव्हता. सुट्टी काढली आणि बसलो.

तक्रार अशी होती की चावी फिरवली की सेल्फचा नुसता खटका वाजायचा, कट्, आणि गप्प. हेडलाईट मात्र भक्कन लागायचे. बॅटरी गेली म्हणून आधीच एक नवीन आणून बसवलेली, 75 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती करंट किती तास पुरतो ते), ती दोन दिवस बरी चालली आणि पंधरा दिवसात तीही बसली. मग सगळ्यांनी ठरवलं की सेल्फच गेलाय, खोलून बांधून आणा. मी म्हणलं थांबा, आधी मोजू तरी.

बॅटरी रात्रभर बाहेरून चार्ज करून घेतली. सकाळी उभ्या उभ्या 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. मग अण्णांना म्हणलं, "तुम्ही फक्त चावी धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका." सेल्फ ओढत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर 10.6, हे ठीक आहे. पण सेल्फवर मोजले तर 7.1. साडेतीन व्होल्ट वाटेत कुठंतरी खाल्ले जात होते. प्लसची केबल तपासली, तिच्यात 0.4 फक्त. मग एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून, आणि परत चावी. 3.1 व्होल्ट! तिथं खरं तर अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे.

चोर सापडला, अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडं परत यायची वाट. मायनसची पट्टी चासीला जिथं आवळलेली तो बोल्ट खोलला तर थिंबलच्या (पट्टीच्या टोकाच्या कडीच्या) खाली गंजाची पापडी, तिच्याखाली कधीकाळी मारलेला रंग, आणि विणलेल्या पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या पडून हाताला भुगा होऊन आल्या. आणि हीच पट्टी मीटरच्या बझरवर (वायर सलग असली की वाजतो तो) लावली की टूंऽऽ करून चांगली दाखवते! इथंच भले भले फसतात. सेल्फ जुन्या इंजिनला सहज 300 अँपिअर ओढतो, त्या वाटेत एक शतांश ओहम जरी अडथळा आला तरी 3 व्होल्ट गेले. हेडलाईटला आठ नऊ अँपिअरच लागतात, त्याला तोच अडथळा जाणवत पण नाही. म्हणून लाईट भक्क आणि सेल्फ गप्प. बझर लावून केबल चांगली आहे असं कुणी म्हणलं तर ऐकू नका, लोड असतानाच मोजायचं.

जागा पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, नवीन जाड केबल थेट सेल्फच्याच बोल्टाखाली घेतली, बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी बुरशी खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं धुतली, आवळल्यावर वरनं ग्रीस. आणि हे करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, नाहीतर पाना चासीला टेकला की ठिणगी.

पहिल्या चावीला चालू झाला. अण्णा खाली उतरून बोनेटकडं बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत.

पण नवीन बॅटरी पंधरा दिवसात बसली कशी, हे राहिलंच होतं. सगळं बंद करून मायनसची वायर काढली आणि मध्ये मीटर घातला, 10 अँपिअरच्या रेंजवर (असा मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज उडतोच). चावी काढलेली, लाईट बंद, आणि मीटर दाखवतोय 0.65 अँपिअर. 75 एएचला त्यानं भागलं तर पाच दिवसात बॅटरी कोरडी, आणि सेल्फ तर तिसऱ्या दिवशीच सोडणार. एकेक फ्यूज काढत गेलो, काहीच फरक नाही. म्हणजे फ्यूजच्या अलीकडंच कुणीतरी करंट घेतलाय. टेप! मडगार्डवरच्या गाण्याच्या टेपची आणि ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरनं, ना चावी, ना फ्यूज. ऊसाच्या सिझनला गाणी पाहिजेत म्हणून आम्हीच कधीतरी बसवून घेतलेला.

ती वायर ओढून बाहेर काढली तर पोटात गोळा आला. डॅशबोर्डच्या पत्र्याच्या भोकातनं ती रबर न घालता तशीच नेलेली, पत्र्याच्या धारेनं इन्सुलेशन कापलं गेलेलं, नखाएवढं तांबं उघडं, आणि पत्र्यावर तिथं काळा डाग. म्हणजे कधीतरी ठिणगी पडून गेलेली. आणि ट्रॅक्टरच्या शेजारी हाताच्या अंतरावर कडब्याची गंज! ज्वारीचा वर्षभराचा कडबा, पलीकडं जनावरं. त्या रात्री मला नीट झोप नाही लागली.

ती वायर अख्खी काढून टाकली. टेप आता चावीच्या पुढनं, 10 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच घालून, पत्र्यात रबरी ग्रोमेट बसवून. कडबाही हलवला. तसाही त्यात उंदीर होतात आणि उंदरांनी मागच्या लाईटची वायर दोन ठिकाणी कुरतडलेलीच होती. उन्हानं तर आमच्याकडं वायरचं प्लास्टिक असं कडक होतं की वाकवलं की तडकतं, म्हणून चिकटटेप गुंडाळत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा बदललेला बरा.

चार्जिंग बघितलं, इंजिन रेस करून 13.9 व्होल्ट, चांगलं आहे.

राहिली ट्रॉली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा आणि खड्ड्यात आदळली की सगळंच विझायचं. एका लाईटचा करंट दुसऱ्या लाईटमधनं परत फिरायला लागला की समजायचं, अर्थ नाही. ट्रॉलीला अर्थ मिळतो तो हूकमधनं, आणि हूकला ग्रीस, माती, गंज. सॉकेटमधनं वेगळी काळी वायर ट्रॉलीच्या टेललाईटपर्यंत ओढली, दोन्ही लाईटला तिथंच जोडली. दोनशे रुपयाच्या आतलं काम.

काल रात्री अण्णा ट्रॉली घेऊन निघाले आणि मी मुद्दाम मागं मोटरसायकलवर. सीना नदीच्या पुलाअलीकडचे खड्डे तुम्हाला माहिती असतील, तिथं ट्रॉली आदळली, डावीकडं झुकली, लाल लाईट विझले नाहीत. डावा इंडिकेटर नुसताच पेटून राहतोय, लुकलुकत नाही, बल्ब गेलाय का लुकलुकवणारा फ्लॅशर ते रविवारी बघतो.