होनिंगवाल्या काकांनी स्लीव्ह हातात घेतली तेव्हा

नारायण पेठेतल्या एका हॉबी शॉपमध्ये मी दुरुस्तीच्या टेबलावर बसते. रिमोटच्या गाड्या, विमानं, बोटी, जे बिघडेल ते माझ्यासमोर येतं. नायट्रो बग्गी, म्हणजे बॅटरीऐवजी मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी छोट्या इंजिनाची रिमोट गाडी, घ्यायला येणारी मंडळी सहसा आधी विचारतात, "किती पळते?" डिसेंबरातल्या एका शनिवारी आलेल्या काकांनी तसं काही विचारलं नाही. चादरीत गुंडाळलेली एक बग्गी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही खोलून बघून द्याल का? पैसे द्यायच्या आधी आतून कशी आहे ते कळायला हवं."

काका भोसरी एमआयडीसीत होनिंग मशीनवर कामाला, म्हणजे सिलिंडरचं भोक आतून घासून नेमक्या मापाचं करायचं काम. सोबत नववीतली मुलगी, हातात वही. रेसिंगला सुरुवात तिला करायची होती. जाहिरात बघून त्यांनी पिंपरीतल्या एका मुलाकडची जुनी गाडी ठरवली होती, इसार देऊन एका दिवसासाठी आणली होती. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. किंमत खरंच मोहात पाडणारी होती. सोबत इंधनाचा अर्धा कॅन, जादा टायर आणि रिमोट.

गाडीला हात लावण्याआधी मी मुलीला विचारलं, "नायट्रोच का?" हे मी प्रत्येकाला विचारते, कारण बॅटरीवरची ब्रशलेस बग्गी आज वेगात कुठे कमी पडत नाही, सांभाळायला सोपी आहे आणि सोसायटीतून तक्रार येत नाही. नायट्रोला वेळ द्यावा लागतो. इंजिन ट्यून करा, प्लग बदला, फिल्टर धुवा, धावून झाल्यावर इंधन काढा, आत तेल सोडा. ज्याला नुसती गाडी चालवायची आहे त्याच्या गळ्यात नायट्रो मारणं मला पटत नाही. ती म्हणाली, "चुलतभावाची इलेक्ट्रिक चालवलीय मी. मला पिटमधलं, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी दुरुस्त करायचं, काम पण करायचंय. पप्पा स्कूटरचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतात, मला तसं यायला हवं." एवढं ऐकल्यावर माझा प्रश्न मिटला.

गाडी १:८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची होती, तेव्हा एक गोष्ट बरोबर होती. दुकानात १:१० मापाच्या छोट्या नायट्रो बग्ग्याही येतात. स्वस्त असतात, अंगणात मजा देतात, पण मातीवरच्या नायट्रो बग्गी शर्यतीचा जगभरातला मुख्य वर्ग १:८ हाच आहे. इंजिन ३.५ सीसीपर्यंत, टाकी १२५ सीसीची. जागतिक अजिंक्यपदाची अंतिम शर्यत तासभर चालते आणि त्यात दर काही मिनिटांनी पिटमध्ये येऊन टाकी भरावी लागते. छोटी गाडी घेऊन शर्यतीला गेलं तर बरोबर धावायला कोणी नसतं आणि वर्षभरात पुन्हा खर्च होतो.

मी आधी एअर फिल्टर काढला. फोम कोरडा ठणठणीत. हा फोम तेलात भिजवून, पिळून लावायचा असतो, म्हणजे धूळ त्याला चिकटून राहते. कोरडा फोम मोठे खडे अडवतो, बारीक माती आत जाऊ देतो. कार्ब्युरेटरच्या तोंडात पांढरं कापड फिरवलं तर त्यावर तांबूस रेघ उठली. आपल्याकडच्या माळावरचा मुरूम पायाखाली भुगा होतो आणि तो भुगा इंजिनात गेला की पॉलिश पेपरचं काम करतो. मुलीने कापड जवळ घेऊन पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, हाताने फिरवलं. सहज फिरलं, कुठेही न अडता. काका खूश झाले. "बघा, किती स्मूथ आहे. आणि त्या मुलाने खोटं नाही सांगितलं, इंजिन फ्री आहे म्हणाला होता."

मी काहीच बोलले नाही. शेल्फवरची नवी बग्गी काढली आणि तिचं फ्लायव्हील त्यांना फिरवायला दिलं. अर्धा फेरा गेलं आणि आतला पिस्टन वरच्या टोकाला आला तसं घट्ट बसलं. त्यांनी जोर लावला, मग हात काढून घेतला. "ताई, ही तर जाम आहे. कंपनीतूनच अशी आली?"

नायट्रो इंजिन पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक मेकॅनिक इथे अडतो, आणि जुनी गाडी घेणारे फसतात तेही इथेच. सैल इंजिन चांगलं वाटतं, घट्ट इंजिन बिघडलेलं वाटतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी असते.

विकणाऱ्या मुलाला फोन लावून इंजिन खोलायची परवानगी घेतली. तो लगेच हो म्हणाला. हेडचे स्क्रू काढले, मागची प्लेट काढली, पिस्टन आणि तो ज्या नळीत वर-खाली होतो ती स्लीव्ह बाहेर घेऊन पुसली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. ड्रॉवरमध्ये तशाच मापाच्या दुसऱ्या इंजिनाचा नवा सेट होता, तोही शेजारी ठेवला. म्हटलं, "पिस्टन खालून आत घाला आणि बोटाने वर ढकला. आधी नवा."

नव्या स्लीव्हमध्ये पिस्टन सरसर वर गेला आणि तोंडाच्या जरा खाली थांबला. बोटाने कितीही ढकललं तरी पुढे जाईना. मग जुना. तो एका दमात वर गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

काकांनी जुनी स्लीव्ह उचलून ट्यूबलाइटकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. मग अंगठ्याचं नख आतून हळूहळू वरून खाली फिरवलं. नवी घेतली, तिच्यातही तसंच. त्या हातांनी आयुष्यभर बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकंच, पाहिली होती. चेहऱ्यावरचा गोंधळ मला स्पष्ट दिसत होता.

"टेपर आहे, भोक निमुळतं होत गेलंय," ते म्हणाले. "नवीला वरच्या बाजूला टेपर आहे. आमच्याकडे बोअरमध्ये पाच मायक्रॉनचा टेपर निघाला तरी जॉब रिजेक्ट होतो. इथे मुद्दाम ठेवलाय?"

"मुद्दाम. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्याला रिंग नाही. स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम. चालू इंजिनात सगळ्यात जास्त काय तापतं?"

उत्तर मला द्यावंच लागलं नाही. ते मुलीकडे वळले आणि समजावून सांगायला लागले. "बघ, स्फोट वर होतो. वरचा भाग जास्त तापणार. तापला की पितळ फुगणार, बोअर मोठा होणार. थंड असताना वर तंग ठेवलं तरच गरम झाल्यावर सरळ बोअर मिळेल. नाहीतर गरम झाल्यावर वरून गळती." मग जुनी स्लीव्ह तिच्या हातात दिली. "हिचा टेपर घासून गेलाय. या उभ्या रेघा दिसतात ना, त्या मातीच्या. म्हणून फ्री आहे."

हे शिकवायला मला एरवी अर्धा तास लागतो, कागदावर चित्रं काढावी लागतात. काकांनी ते नखाने वाचलं. मला त्या क्षणी फार आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

मुलीने लगेच पुढचं विचारलं, "मग नवं इंजिन थंड असताना सुरू केलं तर?" प्रश्न अगदी बरोबर जागी होता. तंग इंजिन थंड असताना ते सुरू करायची दोरी जोराने ओढली की कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. म्हणून पहिल्या काही वेळेला हेअर ड्रायरने हेड गरम करायचं, मग सुरू करायचं. पहिल्या टाक्या रिच, म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणावर, मध्येमध्ये बंद करून थंड होऊ देत. बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा, म्हणजे थंड होताना स्लीव्ह त्याला वर आवळत नाही. काकांनी या शेवटच्या वाक्याला मान डोलावली आणि मुलीला ते अधोरेखित करायला लावलं.

बाकी गाडी वाईट नव्हती. चाकं धरणारे आर्म सरळ होते, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल नीट फिरत होता, क्लच बेलची बेअरिंग बदलावी लागणार होती. इंधनाचा कॅन मात्र बाजूला ठेवायला लावला. झाकण सैल होतं आणि तो पावसाळाभर पडून होता. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. असं इंधन घातलं की इंजिन एकसारखं चालत नाही, माणूस दिवसभर कार्ब्युरेटरच्या इंधन कमी-जास्त करायच्या सुया फिरवत बसतो आणि दोष इंजिनाला देतो. त्यातच वहीत एक ओळ मी स्वतः लिहून दिली: मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही. पिटमध्ये कुणाच्या गाडीला आग लागली तर नुसती हवा थरथरताना दिसेल, म्हणून अग्निशामक जवळ आणि इंधनाची बाटली लांब.

खरी काळजीची गोष्ट शेवटी निघाली. इंजिन खोललेलं होतंच. फक्त रिसीव्हर चालू करून मी मुलीला रिमोटवर पूर्ण थ्रॉटल द्यायला सांगितलं आणि तसाच तो बंद करायला सांगितला. थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर, सर्वो, होती तिथेच राहिली, थ्रॉटल पूर्ण उघडा. फेलसेफ लावलेलाच नव्हता. रिमोटची बॅटरी संपली किंवा सिग्नल तुटला की ही तीन किलोंहून जड गाडी पूर्ण वेगाने जात राहणार, समोर उलटलेल्या गाड्या सरळ करणारा मार्शल उभा असो नाहीतर कुणाचं लहान मूल. फेलसेफ लावलेला असेल तर त्याच क्षणी थ्रॉटल बंद होऊन ब्रेक लागतो. ज्या गाडीची ही चाचणी झालेली नाही ती मी ट्रॅकवर उतरवू देणार नाही, मग ती कुणाचीही असो. पण गाडी दुसऱ्याची, मालकाला न विचारता सेटिंग बदलणं योग्य वाटलं नाही. सगळे दोष कागदावर लिहून दिले आणि सांगितलं, "घ्या किंवा परत द्या, पण हा कागद त्या मुलाला नक्की द्या."

काकांनी विचारलं, "नवा पिस्टन-स्लीव्ह टाकून ही घेतली तर?" रास्त प्रश्न होता. मी हिशेब मांडला. त्या इंजिनाचा सेट पुण्यात मिळत नव्हता, मागवायला किती आठवडे लागतील याची खात्री नव्हती. गाडीच्या बाकी सुट्या भागांचीही तीच गत. पहिल्या वर्षी नवखा चालक काय तोडतो? पुढचा खालचा आर्म, शॉकचं टोक, सर्वो सेव्हर, कधी स्पर गिअर. शर्यतीच्या सकाळी आर्म तुटला आणि शेजारच्या पिटमध्ये तसाच आर्म कुणाकडे नसला तर दिवस संपला. म्हणून पहिली गाडी निवडताना मी कागदावरची अश्वशक्ती बघत नाही. आपल्या ग्रुपमध्ये जास्त लोक काय चालवतात आणि आर्मची जोडी आज दुपारी दुकानातून मिळेल का, एवढं बघते.

त्या कसोटीवर शेल्फवरची क्योशोची इन्फर्नो निओ उतरत होती. जोडून तयार येते, ०.२१ घनइंचाचं इंजिन आहे, दोरी ओढून सुरू होतं, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या स्टार्टर बॉक्सचा वेगळा खर्च नाही. स्पर्धेच्या महागड्या गाड्यांइतकी ती चपळ नाही, पण जुन्या इन्फर्नोच्या घराण्यातली आहे आणि आमच्या ड्रॉवरमध्ये तिचे भाग असतात. त्यांच्या हिशेबापेक्षा ती बरीच वर जात होती. मी स्पष्ट सांगितलं की सगळे पैसे गाडीत घालू नका. सुरू करताना प्लग तापवणारा ग्लो इग्नायटर, चार-पाच प्लग, इंधनाची बाटली, रिसीव्हरची चांगली बॅटरी, फिल्टरचे दोन जास्तीचे फोम आणि तेल, तापमान मोजायची गन, या गोष्टींशिवाय गाडी शोभेची. आधी एखाद्या रविवारी मुलीला ट्रॅकवर नुसतं मार्शल म्हणून उभं करा, उलटलेल्या गाड्या सरळ करू द्या. कुठल्या वळणावर कोण का पडतो ते तिथे उभं राहिल्यावर दिसतं. तोवर पैसेही जमतील, घाई नाही.

तेवढ्यात विकणाऱ्याचा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. काकांनी शांतपणे सांगितलं, "बाळा, गाडी परत आणतोय. तुझ्या इंजिनाचा बोअर गेलाय. दुसऱ्याला विकायच्या आधी त्याला सांग."

जानेवारीत ती दोघं निओ घ्यायला आली. तोवर मुलगी दोन रविवार मार्शल म्हणून उभी राहून आली होती. इंजिन पहिल्यांदा मी तिच्याकडूनच सुरू करून घेतलं. ड्रायर तिनेच धरला, दोरी थोडी थोडी ओढली, पूर्ण ताणली नाही. मागच्या अंगणात एरंडेलाच्या वासाचा निळा धूर झाला. काका कान देऊन उभे होते. मुलीने मुख्य सुई जरा बंद करून बघितली तशी आवाज चढला आणि धूर विरळ झाला. काकांनी लगेच हात वर केला. "उघड. कोरडं चाललंय." बरोबर होतं. या इंजिनाला तेल इंधनातूनच मिळतं, लीन केलं, म्हणजे इंधन कमी केलं, की तेलही कमी होतं आणि तापमान वाढतं. गन लावली. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जरा वर होतं, ठीक होतं, पण रन-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या काळात धूर दिसायलाच हवा. सकाळी गारठ्यात लावलेली सुई दुपारच्या उन्हात तशीच चालत नाही हेही तिने त्याच दिवशी अनुभवलं. पुण्याच्या हिवाळ्यात सकाळ-दुपारचा फरक एवढा असतो की दोन्ही वेळा ट्यून करावंच लागतं.

पिंपरीचा तो मुलगाही आला, काकांनी दिलेला कागद खिशात घेऊन. पिस्टन-स्लीव्हचा सेट मागवा म्हणाला, गाडी विकायची नाही, दुरुस्त करून स्वतःच धावायचंय. मातीने इंजिनात काय काय बिघडवलंय ते त्याला कळलं नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. सेट यायला वेळ लागणार होता. फेलसेफ मात्र मी त्याच्यासमोर तिथल्या तिथे लावला, रिमोट तीनदा बंद करून ब्रेक लागतोय हे त्याला दाखवलं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.