काकूंच्या टाचेची खूण

सातपूरला, त्र्यंबक रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. टायर, चेन, ब्रेकची कामं रोजचीच. पण गेल्या काही वर्षांत लांबच्या प्रवासाला निघणारी माणसं गाडीला काही ना काही जोडून घ्यायला येतात. क्रॅशगार्ड, जादा दिवे, सामानाच्या पेट्या. त्यातलं पेट्यांचं काम मला आवडतं. त्याला डोकं लागतं, असं मी लोकांना सांगत असे.

त्या दिवशी सकाळी एक काका आले. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, गाडी रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० मोटरसायकल, आणि रिक्षातून मागोमाग आलेलं भलंमोठं खोकं. खोक्यात फायबरच्या दोन कडक सॅडलबॅगा आणि त्यांचे लोखंडी सांगाडे. ‘परवा पहाटे निघायचंय. नर्मदा परिक्रमा ओंकारेश्वरहून उचलणार. आज होईल ना?’ मी म्हटलं, होईल. खोक्यावर लिहिलं होतं की हा सांगाडा सगळ्या क्रूझर गाड्यांना बसतो. माझा अनुभव असा, की सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच धड बसत नाही.

गाडी डबल स्टँडला लावली. सांगाड्याचा पुढचा आधार शॉकअपच्या वरच्या बोल्टवर, मागचा मडगार्डच्या पट्टीवर. उजव्या अंगाला सायलेन्सर. पेटी त्याच्यापासून चांगली दोन बोटं वर हवी, नाहीतर फायबर तापतं आणि आतल्या कपड्यांना वास लागतो. डावीकडे ती अडचण नाही, पण मागून बघणाऱ्याला दोन्ही पेट्या एका उंचीवर दिसायला हव्यात, म्हणून डावीही तेवढीच वर घेतली. एक कान, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली छोटी पट्टी, जास्तीचा वेल्ड करावा लागला. तो मापाला धरून खूण केली आणि खाली उतरवून जोडला. इंजेक्शनच्या गाडीवर थेट वेल्डिंग मी करत नाही. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला तर पेट्यांपेक्षा तोच महाग पडतो. मागचे इंडिकेटर पेट्यांआड जात होते, ते नंबरप्लेटच्या दोन बाजूंना नेले. डावीकडची साडीगार्डची जाळी सांगाड्याला आडवी येत होती, ती काढून कोपऱ्यात ठेवली.

चारला काम संपलं. मागून बघितलं, दोन्ही पेट्या अगदी एका रेषेत. मी पोराला फोटो काढायला सांगितला. आता वाटतं, तो फोटो काढला तेव्हा गाडीवर कुणीच बसलेलं नव्हतं, इथंच चुकलं.

तेवढ्यात काकू आल्या. पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी, हातात पिशवी. पेट्यांचं कौतुक करायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘ती जाळी कुठंय रे?’

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

‘मग माझी ओढणी कुठं जाणार?’

पेटी आणि सीटच्या मधे, पुढच्या बाजूला, वीतभर चाक उघडं दिसत होतं. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम. हा मी इतरांना पाठ म्हणून दाखवतो. मी काही बोललो नाही. काका म्हणाले, ‘अगं, ओढणी बांधून बसायचं.’ काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मग त्या गाडीवर बसल्या. पाय फूटरेस्टवर ठेवायला गेल्या तर टाच पेटीच्या पुढच्या कोपऱ्यावर आपटली. पुढे सरकाव्यात तर काकांच्या पाठीला टेकतात. ‘असं रोज सात-आठ तास?’ त्या म्हणाल्या. मी फळ्यावरचा खडू आणला. ‘काकू, तुम्हाला आराम वाटेल तसाच पाय ठेवा.’ त्यांनी ठेवला, मी पेटीवर टाचेची खूण केली. खूण कोपऱ्याच्या चांगली आत आली.

आता खोलायचंच आहे, तर आधी एक चक्कर मारून घ्या, असं मीच सुचवलं. दोन्ही पेट्यांत घरचंच सामान भरलं आणि दोघं आयटीआय सिग्नलपर्यंत जाऊन आले. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. तिथं मला उभ्या उभ्या ऐकू आलं, टक. काका म्हणाले, काही नाही, स्टँड वाजला असेल. काकू म्हणाल्या, स्टँड नाही, डावीकडे खाली वाजलं.

खाली वाकलो. सायलेन्सर आणि पेटी दोन्ही चासीला बांधलेले, त्यामुळे वजन पडलं तरी ते एकत्रच खाली जातात, मधलं अंतर बदलत नाही. मी सगळं लक्ष तिकडेच दिलं होतं. पण चाक, त्याला धरणारा चिमटा आणि चेन ताणायचा ॲडजस्टर चासीच्या मानाने वर येतात. डबल स्टँडवर चाक लोंबत असताना ॲडजस्टर आणि सांगाड्याच्या खालच्या दांडीत ४५ मिलिमीटर फट होती. दोघांना बसवून मोजली तर १२. स्पीडब्रेकरवर तीही संपली. दांडीवर ताजा चकचकीत ओरखडा होता. घाटात, खड्ड्यात हेच शंभरदा झालं असतं तर पुढचं मला सांगायचं नाही.

मग जे सकाळी करायला हवं होतं ते संध्याकाळी केलं. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅकने चाक वर चढवत नेलं. नेहमीच्या प्रवासात ते जितकं वर येईल त्याहून थोडं जास्तच. दांडी नेमकी कुठं आडवी येते ते दिसलं. ती कापली, बाहेरच्या अंगाला आणि वर वळवून पुन्हा जोडली. दोन्ही पेट्या ५५ मिलिमीटर मागे नेल्या. याची किंमत असते. वजन मागच्या ॲक्सलच्या आणखी मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. म्हणून काकांना सांगितलं, जड वस्तू पेटीत पुढच्या टोकाला ठेवा, आणि एका पेटीत ७ किलोच्या वर नको. खोक्यातल्या कागदावरही तेवढंच लिहिलं होतं. शॉकअप दोन पायऱ्या कडक केले.

जाळी तशीच्या तशी बसेना. तिची चौकट कापून सांगाड्यालाच जोडली, पुढच्या फटीत.

साडेआठ वाजले. काकू शेजारच्या टपरीवरून सगळ्यांना चहा घेऊन आल्या आणि पुन्हा एकदा बसून, ओढणी मुद्दाम सोडून बघितली. जाळीला लागून राहिली. स्पीडब्रेकरवर आम्ही चारदा गेलो. मी दांडीला ग्रीस फासून ठेवलं होतं, ॲडजस्टरला काही लागलं नाही.

मजुरी मी निम्मी घेतली. काका पूर्ण देत होते. खडूची खूण मी पुसायला घेतली तर ती पुसेना, फायबरमधे जरा उतरली होती.

निघताना सांगितलं होतं, मालेगावला थांबलात की सगळे बोल्ट एकदा तपासा, नवं काम पहिल्या शंभर किलोमीटरमधे बसतं. पाना दिला होता बरोबर. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. काका म्हणाले, सगळं घट्ट आहे. मग मागून काकूंचा आवाज आला, ‘यांनी वरचेच बघितले. डावीकडचा खालचा अर्धा आटा फिरला, मी आवळलाय.’